भाचीचा प्रवेश आणि रस्त्याकडचं एकर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणारे पतसंस्थेत नोकरीला आहेत. बहिणीची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ८६ पर्सेंटाइल मिळाले. दाजींची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, धाकटा भाचा दहावीत आहे. घर ओबीसी प्रवर्गातलं, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाच्या लोकांनी परभणीत हॉटेलात ‘स्पॉट ॲडमिशन’चा कार्यक्रम घेतला. आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या बी.टेक.ला जागा देतो म्हणाले. शुल्क वर्षाला २ लाख ८० हजार, पहिल्या वर्षी त्यात ३० टक्के ‘स्कॉलरशिप’, होस्टेल-मेसचे १ लाख ३० हजार वेगळे. रविवारपर्यंत २५ हजार भरून सीट अडवून ठेवा, असे रोज फोन येतात. भाची म्हणते, “मामा, तिकडं सगळं प्रॅक्टिकल असतंय. इथल्या कॉलेजात शिकवायला सरच नाहीत.” दाजी म्हणतात, “पोरीचं चांगलं होत असंल तर रस्त्याकडचं एकर गेलं तरी चालंल.” त्या एकराचे बारा लाख येतील असा अंदाज आहे. भावकीतले म्हणतात, पोरीच्या शिक्षणापायी जमीन विकतात का, लग्नाला काय ठेवणार? मामांना स्वतःला वाटतं की सरकारी ते चांगलं, खासगी म्हणजे पैसे उकळायचे धंदे. पण घरात शिकलेले तेवढे तेच, त्यामुळे निर्णय त्यांच्यावर आला आहे. ते विचारतात, हो म्हणू की नाही?

—

आधी त्या पंचवीस हजारांचं बोलू, कारण घाईची गोष्ट तेवढीच आहे. रविवारपर्यंत ते भरू नका. राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे तुमची भाची ज्याला कॅप राउंड म्हणते ती, पूर्ण व्हायच्या आत सीट अडवायला लावणं हा या लोकांच्या कामाचाच भाग असतो. एकदा पैसे अडकले की माणूस दुसरीकडे मन लावून बघत नाही. पंचवीस हजार ही रक्कम शेतकऱ्याच्या घरात लहान नसते, आणि ती बुडू नये म्हणून माणूस पुढचे दोन लाख भरतो. “सीट जाईल” या भीतीचं म्हणाल, तर जे विद्यापीठ परभणीच्या हॉटेलात येऊन जागा देतं, त्याच्याकडे पुढच्या महिन्यातही जागा असण्याची शक्यता बरीच आहे.

ज्यांनी पैसे आधीच भरले आहेत, त्यांच्यासाठीही सांगतो. प्रवेश रद्द केला तर शुल्क परत देण्याबद्दल यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, स्पष्ट नियम आहेत आणि ते खासगी विद्यापीठांनाही लागू होतात. २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाचं पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास फार तर एक हजार रुपये कापून बाकीचं परत करा, असं यूजीसीने सांगितलं होतं. तारखा दरवर्षीच्या परिपत्रकात बघाव्या लागतात. मूळ मार्कशीट आणि टीसी अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याच संस्थेला नाही. ऐकलं नाही तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते. अट एवढीच की हातात पावती हवी, आणि पैसे कशापोटी घेतले ते तिच्यावर लिहिलेलं हवं. नुसता फोन-पेचा स्क्रीनशॉट घेऊन भांडणारे पालक मी पाहिले आहेत, त्यांचे फार हाल होतात.

आता हिशेब. बारा लाखांत चार वर्षं निघतील असं तुम्ही धरलेलं दिसतं. पहिल्या वर्षी सूट वजा जाता शुल्क १ लाख ९६ हजार, त्यात होस्टेल-मेस मिळवलं की ३ लाख २६ हजार. दुसऱ्या वर्षापासून सूट नाही, म्हणजे वर्षाला ४ लाख १० हजार. चार वर्षांचे १५ लाख ५६ हजार होतात, तेही शुल्क एका रुपयानेही वाढलं नाही असं धरून. लॅपटॉप, येणं-जाणं, परीक्षा शुल्क, कपडेलत्ते यात नाहीत. म्हणजे एकर विकूनही साडेतीन लाख कमी पडतात, आणि ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी कमी पडतात, जेव्हा मागे फिरायची सोय उरलेली नसते. दाजींना हे आकडे कागदावर लिहून दाखवा. ते मन मोठं करून बोलले आहेत, पण त्यांच्यासमोर अर्धाच हिशेब ठेवला गेला आहे.

सूट पहिल्याच वर्षी का, हे विचारायला हवं. शिष्यवृत्ती खरी असेल तर ती चारही वर्षं मिळते, किती गुण राखले तर टिकते हे लिहिलेलं असतं आणि घरची परिस्थिती बघून दिली जाते. बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, हरियाणातलं अशोका विद्यापीठ ही खासगीच विद्यापीठं आहेत, आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नावरून शुल्कात मदत ठरते. हॉटेलात बसून पर्सेंटाइल न विचारता देतात ती मात्र किमतीतली सवलत आहे. तिला सवलतच म्हणावं.

तुम्ही म्हणता, सरकारी ते चांगलं आणि खासगी म्हणजे लूट. या दोन्ही गोष्टी मी जशाच्या तशा मान्य करणार नाही. आपल्या मराठवाड्यात तर नाहीच. निजामाच्या काळात इथल्या मुलांना विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, आणि तेही उर्दू माध्यमातलं. तेव्हा इथे शिक्षण उभं केलं ते लोकांनी. औरंगाबादची सरस्वती भुवन ही शिक्षण संस्था १९१५ ची. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तिथेच १९५० मध्ये महाविद्यालय काढलं, ते आजचं मिलिंद. नांदेडचं पीपल्स कॉलेजही त्याच वर्षीचं. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. ही सगळी महाविद्यालयं सरकारने काढलेली नाहीत, तरी त्यांनी गावोगावच्या पहिल्या पिढीला पदवीपर्यंत नेलं. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं, आणि तिथून ‘खासगी’ या शब्दाला देणगीचा वास येऊ लागला. इतका, की १९८७ मध्ये देणगी घेण्याविरुद्ध कायदा करावा लागला. तुमच्या मनातला राग त्या काळातला आहे. तो खोटा नाही, पण त्यावरून आजच्या एका विशिष्ट विद्यापीठाचा निकाल लावता येत नाही.

उलट बाजूही बघा. भाची म्हणते इथे शिकवायला सर नाहीत, आणि यात ती खोटं बोलत नाही. आपल्या भागातल्या किती महाविद्यालयांत कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि विभागच्या विभाग सीएचबीवर, म्हणजे तासावर मिळणाऱ्या मोबदल्यावर चालतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेला माणूस दिवाळीपर्यंत नेमणुकीची वाट बघतो, मार्चमध्ये पुन्हा घरी बसतो. त्याच्याकडून प्रयोगशाळा उभी करण्याची अपेक्षा कशी ठेवणार? सरकारी पाटी लावल्याने हे भरून निघत नाही. जुन्या विद्यापीठांच्या डोक्यावर शेकडो संलग्न महाविद्यालयांचा भार आहे, त्यांचा बराचसा जीव परीक्षा आणि निकालांतच जातो. खासगी विद्यापीठाला कायद्याने महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत, एकच परिसर सांभाळायचा असतो. तिथे अभ्यासक्रम वर्षभरात बदलता येतो, नवा विषय लगेच सुरू होतो, परीक्षा वेळेवर होतात. चांगल्या हातात हे फार मोलाचं स्वातंत्र्य आहे. पिलानीच्या बिट्सला १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःची पदवी देऊ शकणाऱ्या संस्थेचा, दर्जा मिळाला, ती खासगीच, आणि देशातल्या उत्तम संस्थांत तिचं नाव घेतलं जातं.

पण हेच स्वातंत्र्य वाईट हातात पडलं तर काय होतं? खासगी विद्यापीठात जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो आणि पदवीही तिथेच छापली जाते. बाहेरचा डोळा कमी. छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांना मोकळं रान दिलं, तर थोड्याच काळात शंभरावर विद्यापीठं कागदावर उभी राहिली. कित्येकांना इमारतही नव्हती. शिक्षणतज्ज्ञ प्राध्यापक यशपाल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमंच रद्द केली. मधल्या मध्ये ज्या मुलांनी तिथे प्रवेश घेतला होता, त्यांचे हाल झाले. आता प्रत्येक विद्यापीठासाठी विधिमंडळाचा कायदा लागतो, यूजीसी तपासणी करते, त्यामुळे तसलं उघड बोगस प्रकरण महाराष्ट्रात सहजी होणार नाही. तरीही कायदेशीर असणं वेगळं आणि दर्जेदार असणं वेगळं. तुमच्याकडच्या माहितीपत्रकावर ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ हे मोठ्या अक्षरांत असणार. त्याचा अर्थ एवढाच की पदवी देण्याचा अधिकार आहे. तो अधिकार तर कुठल्याही विद्यापीठाला असावाच लागतो.

‘एआयसीटीई’चंही, म्हणजे तांत्रिक शिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या परिषदेचंही, तसंच. विद्यापीठाला तांत्रिक अभ्यासक्रमासाठी एआयसीटीईची पूर्वपरवानगी सक्तीची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे. म्हणून खासगी विद्यापीठाकडे ती नसली तर लगेच बोगस म्हणू नका. विचारायचं ते एनबीएचं, कारण एनबीए हे राष्ट्रीय मानांकन मंडळ संस्थेला नाही तर त्या-त्या शाखेला मानांकन देतं. शाखा नवी असेल तर एनबीए नसेलच, मग त्याच विभागातल्या जुन्या संगणक शाखेला आहे का ते विचारा. महाविद्यालयं-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेने दिलेली श्रेणी जरूर बघा, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका खासगी संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच अटक केली होती.

मग भरवसा ठेवायचा कशावर? दाजी बियाणं घेताना पिशवीवरच्या फोटोकडे बघत नाहीत, लॉट नंबर आणि तारीख बघतात आणि पक्की पावती जपून ठेवतात. इथेही तसाच एक कागद आहे, आणि फार थोड्या पालकांना तो माहीत आहे. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची क्रमवारी. तिच्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण सरकारला दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. भाचीला मोबाइलवर त्या विद्यापीठाच्या नावापुढे ‘एनआयआरएफ डेटा’ टाकून ती पीडीएफ उघडायला सांगा. दोघं शेजारी बसून वाचा.

त्यात चार वर्षांच्या पदवीचा एक तक्ता असतो. त्या तुकडीत किती मुलं घेतली, किती मुलं ठरल्या वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार किती. माहितीपत्रकात ‘सर्वाधिक पॅकेज ४२ लाख’ असं छापतात, ते एका मुलाचं असतं. मध्यम पगार म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधे येणाऱ्याचा. तुमची भाची त्या रांगेत कुठे उभी राहील, याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधायचा. तक्त्याच्या आधीच्या रकान्यांकडेही लक्ष द्या. चारशे घेतली आणि अडीचशेच वेळेत पास झाली, तर उरलेले दीडशे कुठे गेले हे विद्यापीठाला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

खाली सरकत गेलं की प्राध्यापकांची यादी येते. मला सगळ्यांत बोलका वाटतो तो हा भाग. नाव, शिक्षण, अनुभव किती महिन्यांचा, रुजू कधी झाले, सोडून कधी गेले. पीएच.डी. किती आहेत हे तर बघाच, पण रुजू झाल्याच्या तारखांवरून बोट फिरवा. निम्मी माणसं गेल्या वर्षभरात आलेली असतील आणि सोडून गेलेल्यांची रांग लांब असेल, तर समजा की तिथेही नेमणुका टिकत नाहीत, फक्त काचेच्या इमारतीत. भाचीची इथल्या कॉलेजांबद्दल जी तक्रार आहे ती तिथेही लागू होईल, आणि त्यासाठी पंधरा लाख मोजलेले असतील. उलट दहा-दहा वर्षं टिकलेली माणसं दिसली, तर माझं मत त्या विद्यापीठाकडे झुकेल. विद्यापीठ एनआयआरएफमध्ये नसेलच, तर हीच माहिती ईमेलवर मागा. उत्तर येतं की नुसता ॲडमिशन काउन्सेलरचा फोन येतो, यातूनही बरंच कळतं. हाच ताळा इथल्या महाविद्यालयांनाही लावायचा, सरकारी असो वा संस्थेचं.

शक्य असेल तर दाजी, भाची आणि तुम्ही तिघं एकदा जाऊन या. ‘ओपन हाउस’च्या दिवशी नको, साध्या बुधवारी-गुरुवारी जा. मार्गदर्शक दाखवतील ते बघा, पण नंतर गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या आणि तिसऱ्या वर्षाची चार मुलं-मुली गाठा. तिथे लातूर-बीड-नांदेडचं कुणी ना कुणी भेटेलच, आणि आपल्या भागातली मुलं आपल्या माणसांना खरं सांगतात. त्यांना विचारा, गेल्या सत्रात गणित कुणी शिकवलं, ते सर अजून आहेत का? दुसऱ्या वर्षी फी किती वाढली? मुलींच्या होस्टेलवर रात्री आजारी पडलं तर कोण नेतं? हे शेवटचं भाचीच्या आईच्या वतीने विचारा.

आता तुमच्या पत्रात जे कुठेच आलं नाही, आणि ज्यासाठी मला हे उत्तर लवकर द्यावंसं वाटलं, त्याकडे येतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ते निम्मं माफ होतं. तुमची भाची यात थेट बसते. अट ही की प्रवेश कॅपमधून व्हायला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आणि खासगी अभिमत तसंच स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळली आहेत. म्हणजे हीच मुलगी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विनाअनुदानित महाविद्यालयात कॅपमधून गेली, तर तिचं शिक्षण शुल्क सरकार भरतं. पुण्याजवळच्या त्या विद्यापीठात गेली तर एक रुपयाही नाही. हॉटेलातल्या कार्यक्रमात हे कुणी सांगितलं नसणार. विकास शुल्क, होस्टेल आणि मेस घरूनच भरावी लागेल, पण त्यासाठीही ओबीसी मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे आणि अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. दोन्हींच्या अटी नीट वाचा, दाजींची पाच एकर अल्पभूधारकात बसते का तेही तपासा. पैसे उशिरा येतात ही तक्रार खरी आहे, म्हणून पहिल्या सहा महिन्यांची सोय घरची ठेवा.

हे कळल्यावर निवड ‘पुण्याचं खासगी की इथलं सरकारी’ एवढी उरत नाही. नांदेडचं एसजीजीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे, स्वायत्त आहे. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं आहे. ८६ पर्सेंटाइलला तिथे संगणक शाखा मिळणं कठीण, पण इलेक्ट्रिकल, सिव्हिल, मेकॅनिकलचे मागच्या वर्षीचे मुलींचे आणि ओबीसींचे कट-ऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहेत, ते एकेक करून बघा. संलग्न महाविद्यालयांत संगणक शाखा मिळेल. त्यांतली काही चांगली आहेत, काही नाहीत, वर सांगितलेला कागद तिथेही चालतो. शाखेच्या नावात ‘एआय’ नाही म्हणून भाचीने नाराज होऊ नये. सुरुवातीच्या वर्षांत गणित, प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर हे सगळीकडेच शिकावं लागतं, आणि ज्याचं ते पक्कं झालं त्याला पुढचं जमतं. प्राध्यापक कमी पडले तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, परीक्षेची फी नाममात्र असते. अर्थात त्यासाठी शिस्त लागते. गर्दीत नुसतं पुढे ढकललं जाणाऱ्या मुलाला ते जमत नाही, तुमची भाची कशी आहे हे तुम्हीच जाणता. चौथ्या वर्षी गेट दिली आणि एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पदवी साध्या कॉलेजातून आणि पुढचं शिक्षण मोठ्या संस्थेतून, ही वाट आपल्याकडच्या कितीतरी मुलींना परवडणारी आहे.

भाचीशी मात्र वेगळं बोला. “प्रॅक्टिकल असतंय” यामागे कदाचित एवढंच असेल की तिला पुणं हवं आहे. घरापासून लांब, कुणी ओळखत नाही अशा गावात स्वतःचं स्वतः राहून बघायचं आहे. तसं असेल तर ते कारण हलकं समजू नका. अठरा वर्षांच्या मुलीला असं वाटणं योग्यच आहे, आणि तालुक्याच्या गावात मुलीवर किती नजरा असतात हे आपण मामा लोक विसरतो. फक्त ती गरज नांदेडला किंवा संभाजीनगरला होस्टेलवर राहूनही बरीचशी भागते का, हे तिला ठरवू द्या. तिच्या वतीने आपण ठरवायला नको. कॅपमध्ये पुण्याची महाविद्यालयंही भरता येतात, तिथलं शिक्षण शुल्कही माफच होईल, हे तर तिला आजच सांगा. बहुतेक तिला माहीत नसेल.

भावकी जे म्हणते त्यावरही बोलतो, कारण तुम्ही ते पत्रात लिहिलंत पण त्यावर स्वतःचं मत दिलं नाहीत. जागा भाच्यासाठी असती तर ‘लग्नाला काय ठेवणार’ हा प्रश्न निघाला असता का? हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हिस्सा आहे. त्यामुळे “पोरीपायी जमीन विकली” ही भाषाच मला पटत नाही, त्या जमिनीत तीही हिस्सेदार आहे. जमीन विकू नका असं मीही म्हणतो. पण ती मुलीसाठी आहे म्हणून नव्हे. विकायची गरज नाही म्हणून, आणि विकूनही हिशेब पुरा होत नाही म्हणून. दाजींना हा फरक समजावून सांगा, नाहीतर ते ऐकतील आणि भावकीला वाटेल आपलंच खरं ठरलं.

सगळं तपासून ते खासगी विद्यापीठ खरोखर चांगलं निघालं आणि कॅपमध्ये मनासारखं काही मिळालं नाही, तर? तर जाऊ द्या, पण जमिनीऐवजी शैक्षणिक कर्जावर. केंद्र सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांची यादी आहे. त्या संस्थांत प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असतानाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत असते. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे आधी बघा. यादीत असणं हीदेखील एक कसोटीच आहे. दहा लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता १३,२०० रुपयांच्या आसपास बसतो, शिकतानाचं व्याज साचलं तर त्याहून जास्त. वर्षाला साडेतीन-चार लाखांची पहिली नोकरी लागली तर पुण्यातलं भाडं भागवून तो निघेल का, याचं गणित भाचीनेच करावं. कर्ज तिच्या नावावर असणार आहे. तुम्ही पतसंस्थेत आहात, हे तिला तुमच्याइतकं चांगलं कुणी समजावू शकणार नाही. तुमच्या पतसंस्थेतून वैयक्तिक कर्ज काढून भर घालायचा मोह मात्र टाळा. तो व्याजदर तुम्हाला माहीत आहे.

माझा कल विचाराल तर स्पष्ट सांगतो: कॅपचे सगळे राउंड होऊ द्या, पर्यायांचा फॉर्म भरताना पुणे, संभाजीनगर, नांदेड तिन्हीकडची महाविद्यालयं नीट क्रमाने टाका, आणि खासगी विद्यापीठाचा पर्याय शेवटपर्यंत उघडा पण बिनपैशांचा ठेवा. काउन्सेलरचा पुन्हा फोन आला तर चारही वर्षांचं शुल्क, वाढीची कमाल मर्यादा आणि स्कॉलरशिपची अट विद्यापीठाच्या लेटरहेडवर लिहून द्या म्हणा. संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते संकेतस्थळावर बघता येतं. तसं काही तुमच्या हातात नसेल, तर लेखी आश्वासनच कामाला येतं.

आणि यातलं काहीही करायच्या आधी कागद. ओबीसी असल्याने नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि जात वैधता प्रमाणपत्र लागेल. वैधता नसेल तर परभणीच्या पडताळणी समितीकडे अर्ज करून पावती घ्या. दरवर्षी आपल्याकडच्या मुली गुणांमुळे नाही तर याच कागदांमुळे प्रवर्गाची जागा आणि शुल्कमाफी दोन्ही गमावतात. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि सर्व्हर बंद पडतो, म्हणून सोमवारी सकाळी तुम्हीच भाचीला घेऊन तहसीलला जा. दाजींना पेरणीच्या दिवसांत खेटे घालायला लावू नका. दाखल्यांवरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी आणि आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते काउंटर सोडायच्या आधी बघा.